मनमाडचा फलाट आणि समाजकार्याची शाळा

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडमध्ये जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मनमाड तेव्हाही मोठं जंक्शन होतं. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य लोहमार्ग, दक्षिणेला दौंडकडे उतरणारा फाटा आणि निजामाच्या मुलखातून औरंगाबादमार्गे येणारी मीटरगेज, हे सगळं इथं येऊन मिळायचं. रुळांवर राबणारे गँगमन, हमाल, खलाशी, पुलांचे गर्डर तयार करणाऱ्या वर्कशॉपमधले मजूर यांच्या जिवावर हे गाव वाढलं. अशा गावात रेल्वे कामगारांची परिषद भरणं साहजिकच होतं.

भाषणाच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी या परिषदेचं वेगळेपण सांगितलं. अस्पृश्य समाज आजवर सामाजिक गाऱ्हाणी घेऊन जमत आला होता, कामगार म्हणून तो प्रथमच एकत्र येत होता. मग त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती कुठल्याही एका जातीपुरती नाही, हा खुलासाही त्यांनी तिथंच केला. भाषणाचा हा भाग पुढे अनेकदा उद्धृत झाला. मला मात्र त्यानंतरचा, फारसा न आठवला जाणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. तिथं बाबासाहेब रेल्वेतली एकेक नोकरी हातात घेऊन तपासतात. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त का होतो? पोर्टरचं पद काही मोठं नाही, मग तेही त्याला का मिळत नाही? कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही लावतो, आणि अस्पृश्याचा हात घरातल्या भांड्यांना लागलेला त्याला चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो मजूर असतो, पण कारागीर, फोरमन का होत नाही?

माणूस आहे तिथंच का अडकला, हे त्याच्या घरापासून कामाच्या जागेपर्यंत माग काढत शोधायचं, ही पद्धत या प्रश्नांमध्ये दिसते. समाजकार्याच्या शिक्षणात हिला केसवर्क म्हणा, सामाजिक तपास म्हणा, तिच्यावाचून हा व्यवसाय उभा राहत नाही. आणि ती शिकवणारी देशातली पहिली शाळा मुंबईत नागपाड्याला तेव्हा नुकतीच सुरू झाली होती.

महाराष्ट्रात सेवाकार्याची परंपरा त्याआधीपासून होती आणि ती भक्कम होती. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं, आणि ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. त्याही आधी, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्याच साथीत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडेही गेले. या माणसांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. ती थोरांच्या सहवासात आणि कामाच्या रगाड्यात घडली. पण मुंबईच्या चाळींत लाखो लोक येऊन राहू लागले, तेव्हा अशा मोजक्या माणसांच्या निष्ठेवर सगळा भार टाकणं शक्य राहिलं नाही. जोशींच्या लीगनं १९२० च्या सुमारास स्वयंसेवकांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला तो याच जाणिवेतून.

क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे तरुण पाद्री १९२५ मध्ये मुंबईला आले आणि त्यांनी भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. ज्यू, मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती, दाटीवाटीच्या इमारती आणि रोजंदारीवर जगणारी कुटुंबं असा तो भाग. तिथं काम करताना मॅन्शार्ट यांना एक उणीव जाणवली: संस्था आहेत, पैसाही थोडाफार मिळतो, पण काम जाणणारी माणसं नाहीत. सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये वारले, त्यांच्या नावाचा न्यास स्थापन झालेला होता. मॅन्शार्ट यांनी न्यासापुढे योजना मांडली आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जागा नागपाड्यातलीच. त्याच साली ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली होती. नागपाडा आणि बाबासाहेबांचं दादरचं घर, राजगृह, यांत अंतर ते किती! तरी या दोन प्रवाहांची भेट व्हायला पुढची कित्येक दशकं लागली.

नव्या शाळेनं एक शिस्त पहिल्यापासून लावली. वर्गात शिकायचं आणि त्याच आठवड्यात वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात जाऊन काम करायचं. तिथं काय पाहिलं, काय बोललो, काय चुकलं हे लिहून काढायचं आणि त्या नोंदी घेऊन मार्गदर्शकासमोर बसायचं. क्षेत्रकार्याची ही रीत आजही प्रत्येक एमएसडब्ल्यूच्या अभ्यासक्रमात आहे, आणि माझ्या मते नागपाड्यानं दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. उणीव होती ती दुसरीकडे. पुस्तकं अमेरिकेची, उदाहरणं तिथल्या स्थलांतरितांची, आणि माणसाची अडचण बहुधा त्याच्या स्वभावात किंवा कुटुंबात शोधायची सवय. शिकागोच्या मजुराला पोर्टरची नोकरी का मिळत नाही आणि मनमाडच्या गँगमनला का मिळत नाही, यांची उत्तरं एका पुस्तकात सापडणारी नव्हती. जातीचा प्रश्न समाजकार्याच्या शिक्षणाच्या मध्यभागी यायला फार उशीर झाला. पुढे टाटा संस्था झालेल्या याच शाळेनं २००६ नंतरच्या पुनर्रचनेत दलित आणि आदिवासी अभ्यास व कृती हा स्वतंत्र अभ्यासक्रम आणला, तेव्हा मनमाडच्या परिषदेला जवळजवळ सत्तर वर्षं होत आली होती.

चाळीसच्या दशकात शाळेचं काम झपाट्यानं पसरलं. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली, आणि डिस्चार्जनंतर रुग्ण कुठं जाणार, औषधाचा खर्च कोण करणार, हे विचारणारा माणूस इस्पितळात आला. फाळणीनंतर संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत जाऊन राबले. वर्गात शिकलेली प्रत्येक पद्धत तिथल्या गर्दीत, थंडीत आणि शोकात पारखून निघाली असणार.

कारखान्यांच्या बाजूनंही या व्यवसायाला मागणी आली. कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१ मध्ये कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली होती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत रेगे समितीनं देशभरातल्या कामगारांच्या स्थितीची उद्योगवार पाहणी केली. मग १९४८ चा फॅक्टरी कायदा आला. त्याच्या ४९ व्या कलमानं ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, आणि त्याची पात्रता व कामं ठरवणारे नियम करण्याचं काम राज्यांकडे दिलं. कल्याण अधिकारी घडवण्यासाठी मुंबई सरकारनं १९४७ मध्येच परळला संस्था काढली होती. आज तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे.

समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाला कायद्यानं दिलेली ही फार मोठी जागा होती. तिच्यात एक पेच मात्र सुरुवातीपासून होता. कल्याण अधिकारी कामगारांसाठी, पण त्याचा पगार मालक देणार. कँटीन, पाळणाघर, विश्रांतीची खोली यांची देखरेख त्यानं करायची, कामगाराचं गाऱ्हाणं वर पोचवायचं. आणि त्याच कामगारावर शिस्तभंगाची कारवाई निघाली की व्यवस्थापन त्याच्याकडे आपला माणूस म्हणून बघणार. नियम करताना हा धोका ओळखला गेला होता. कामगाराविरुद्ध व्यवस्थापनाची बाजू मांडण्याचं काम कल्याण अधिकाऱ्याला देऊ नये, असा दंडक त्यासाठीच आला. तरीही पुढच्या चाळीस वर्षांत काय घडलं ते शिक्षणसंस्थांच्या विभागांची बदलत गेलेली नावंच सांगतात. श्रमकल्याण हा विषय कर्मचारी व्यवस्थापन झाला, आणि नंतर मनुष्यबळ व्यवस्थापन. विद्यार्थ्यांची पसंती तिकडे वळली, कारण चांगला पगार तिथंच होता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वस्तीत, बालगृहात, आश्रमशाळेत काम करणाऱ्याला आपण काय दिलं, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

दरम्यान महाराष्ट्रात समाजकार्याची महाविद्यालयं निघत गेली. मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन, नागपुरात १९५८ मध्ये मातृसेवा संघाची संस्था, पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाज सेवा संस्था सुरू झाली. पुढे नाशिक, धुळे, जळगावसह जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यूचे वर्ग आले. खेड्यातली, दलित-आदिवासी घरांतली पहिल्या पिढीची पदवीधर मुलं-मुली यातून या व्यवसायात आली आणि व्यवसायाचा चेहरामोहरा बदलला. ही प्रगती मी कमी लेखणार नाही. पण विस्ताराचा वेग क्षेत्रकार्याला झेपला नाही. विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस संस्थेत जातो खरा; तिथं त्याला रजिस्टरं भरायला बसवलं, त्याच्या नोंदी कुणी वाचल्याच नाहीत, मार्गदर्शकाशी समोरासमोर बोलणं महिनोन्महिने झालं नाही, तर दोन वर्षांनी त्याच्या हातात पदवी पडते आणि कसब मात्र येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समित्यांनी १९६५ आणि १९८० मध्ये या शिक्षणाचा आढावा घेतला, २००१ मध्ये नमुना अभ्यासक्रमही आला. त्यानंतर कागदावरचा अभ्यासक्रम बराच सुधारला, पण नोंदी वाचणाऱ्या मार्गदर्शकाला लागणारा वेळ कागदावर मिळत नाही.

चांगलं काम कशानं होतं, याचा वस्तुपाठही महाराष्ट्रातच आहे. १९८४ मध्ये टाटा संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. छळाला कंटाळून आलेली बाई पोलिसांच्या इमारतीत येणार आणि तिथं तिला प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटणार, अशी योजना होती. कार्यकर्ती बसायची पोलिसांच्या इमारतीत, पण ती पोलिसांच्या हाताखाली नव्हती. तिच्या पाठीशी संस्थेचे अनुभवी शिक्षक होते, अवघड प्रकरणाची चर्चा करायला जागा होती, आणि बाईच्या इच्छेविरुद्ध समेट घडवायचा नाही, हे तत्त्व पक्कं होतं. २००५ मध्ये राज्य सरकारनं ही योजना आपली म्हणून स्वीकारली आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. शिक्षण, पाठबळ आणि व्यवसायाची तत्त्वं या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या म्हणून हा प्रयोग टिकला, असं मला ठामपणे वाटतं.

१९९६ मध्ये टाटा संस्थेतल्याच जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन सुरू केली. तिच्या कामात रेल्वे स्टेशनं होतीच, कारण घर सोडलेलं किंवा हरवलेलं मूल अनेकदा स्टेशनवर सापडतं. पुढे २००० आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समित्या आणल्या. सापडलेलं मूल २४ तासांत समितीपुढे हजर करायचं, समितीनं सामाजिक तपासाचा आदेश द्यायचा आणि तो तपास १५ दिवसांत पुरा करायचा, असा क्रम ठरला. नागपाड्याच्या शाळेनं शिकवलेली घरभेट आता कायद्याच्या कलमात आली होती.

३० मे २०२३ ला दानापूरहून पुण्याला निघालेल्या एक्स्प्रेसमध्ये बिहारमधली मुलं मोठ्या संख्येनं नेली जात असल्याची खबर रेल्वे सुरक्षा दलाला मिळाली. एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीनं भुसावळला २९ आणि मनमाडला ३० मुलं उतरवली गेली. सोबत पाच माणसं होती. मुलं बिहारच्या अरारिया जिल्ह्यातली, आणि महाराष्ट्रातल्या मदरशांत शिकायला निघालेली. मजुरीसाठी मुलांची तस्करी होत असल्याचा संशय धरून भारतीय दंड विधानाच्या ३७० व्या कलमाखाली गुन्हे दाखल झाले. पाचही जणांना अटक झाली आणि ते सुमारे चार आठवडे कोठडीत राहिले. मुलं नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत ठेवली गेली. तिकडे आईबाप हवालदिल झाले. बारा दिवसांनी मुलांना बिहारला परत पाठवण्यात आलं. मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी दोन्ही प्रकरणं बंद केली. तस्करी झालीच नव्हती, गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता, असा निष्कर्ष निघाला.

खबर आल्यावर गाडी तपासणाऱ्यांना मी दोष देणार नाही. या मार्गावरून मुलं कामाला नेली जातात हे खरं आहे, आणि तीस मुलं डोळ्यांसमोरून जाऊ देणं हीसुद्धा चूक ठरली असती. गाडी थांबवली, मुलांना उतरवलं, इथवर ठीक. खरा प्रश्न त्यापुढच्या काही तासांचा आहे. मुलांशी त्यांच्या बोलीत कोण बोललं? आठ-दहा वर्षांच्या मुलाला गणवेशातल्या माणसासमोर खरं सांगता येतं का? गावच्या मुखियाला, शाळेच्या मास्तरांना, आईबापांना फोन करून, तिकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला घरी पाठवून खात्री करायला एक-दोन दिवस पुरतात. या प्रकरणात अटक आधी झाली आणि खात्री नंतर. संशयिताची वेशभूषा आणि धर्म पाहून निष्कर्ष काढायचा मोह प्रत्येकाला होतो, समाजकार्यकर्त्यालाही होतो. क्षेत्रकार्याच्या नोंदी लिहायला लावतात त्या हा मोह ओळखायला शिकावं म्हणूनच. काय दिसलं आणि मला काय वाटलं, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची सवय ज्याला लागली, तो फलाटावर तीस टोप्या पाहून थांबतो आणि विचारतो. पोर्टरची नोकरी अस्पृश्याला का मिळत नाही, हे शोधणारी चौकशी त्याच गावात त्याआधी ८५ वर्षं भरलेल्या परिषदेत झाली होती.

त्या फलाटावर चौकशीचं काम ज्याच्या वाट्याला येतं, त्याची अवस्थाही पाहिली पाहिजे. बाल संरक्षणातले बहुतेक समाजकार्यकर्ते कंत्राटी आहेत. नूतनीकरण दरवर्षी होईल की नाही याची धास्ती असलेला माणूस वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला, ‘साहेब, एक दिवस थांबा, मी घरच्यांशी बोलतो,’ हे कोणत्या बळावर सांगणार? त्याच २०२३ पासून १०९८ ही हेल्पलाइन टप्प्याटप्प्यानं राज्यांच्या महिला व बालविकास विभागांकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या स्वयंसेवी संस्थांची साखळी त्यात बाजूला पडली. अनुभव असा विस्कटला की तो पुन्हा जमवायला एक पिढी जाते.

कार्यकर्त्याला वेळ आणि पाठबळ लागतं, हा धडा इंग्लंडला फार मोठी किंमत देऊन मिळाला. २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी छळानं मेली. समाजकार्यकर्ते, पोलीस, डॉक्टर अशा कितीतरी जणांनी तिला आधी पाहिलं होतं. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीनंतर कायदे बदलले, नोंदणी आली, आणि त्याबरोबर नमुन्यांचे गठ्ठेही वाढले. २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मनरो यांच्या अहवालानं ती चूक दाखवून दिली: कार्यकर्ता संगणकापुढे बसला आहे आणि मुलासाठी त्याला वेळ उरलेला नाही. नव्या पदवीधराला पहिल्या वर्षी कमी प्रकरणं द्यायची, त्याच्या कामावर नियमित देखरेख ठेवायची आणि मग त्याला पक्का समजायचं, ही व्यवस्था तिकडे याच मंथनातून रुळली. तिथली प्रत्येक गोष्ट आपल्याला लागू पडणार नाही. पहिल्या वर्षाचा आधार मात्र लागू पडतो, आणि त्याला खर्चही फार नाही.

आपल्याकडे १९९० च्या दशकात व्यावसायिक समाजकार्यासाठी राष्ट्रीय परिषदेच्या विधेयकाचा मसुदा झाला. १९९७ मध्ये टाटा संस्थेतल्या शिक्षकांच्या पुढाकारानं व्यवसायाचं नीतिपत्र प्रसिद्ध झालं. परिचारिकांच्या परिषदेचा कायदा १९४७ मध्येच झाला, वकिलांचा कायदा १९६१ चा आहे. समाजकार्याला असा कायदा मिळालाच नाही. २०२१ च्या आरोग्यसंलग्न व्यवसाय आयोगाच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले, म्हणजे इस्पितळातल्या कार्यकर्त्याला नोंदणीची वाट मिळाली. बालगृहात, फलाटावर, वस्तीत काम करणारा त्या कायद्याबाहेर राहिला. बालकल्याण समितीच्या कामाबद्दल गाऱ्हाणं असेल तर आई-बाप जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. पण एखाद्या समाजकार्यकर्त्यानं घरी न जाता अहवाल लिहिला, किंवा ऐकीव संशयावर शिक्का मारला, तर त्याच्या व्यवसायापुढे ती तक्रार मांडायला अरारियातल्या आईला आज कुठलंही दार नाही. आणि खोटा अहवाल लिहायला नकार दिला म्हणून ज्याचं कंत्राट गेलं, त्या कार्यकर्त्यालाही नाही.